आधी काच, मग पट्टा

तीर्थस्वरूप काकांस,

तुमच्या भटक्या पुतण्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालण्याएवढी जागा या खोलीत नाही. दोन खाटा आणि मध्ये माझे ओले बूट. तेव्हा बसल्या बसल्याच घातला असं समजून घ्या.) तुमचा खोकला कसा आहे? काकूचे गुडघे काय म्हणतात? मी खुशाल आहे, फक्त उजव्या कानात पाणी गेलंय, मान कलली की आत डुचमळतं. तुम्ही पत्रात अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं लिहिलंय, की गाडी भंगारात द्यायचं ठरवलंय. त्याबद्दल सावकाश लिहितो. आधी माझी हकिकत.

मला नोकरी लागली आहे. समुद्रात तेलाची विहीर असते, तिच्यावर लोखंडी मजले बांधलेले असतात आणि त्यावर माणसं राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरात मी कांदे सोलणार. (आधीच्या नोकऱ्यांची उजळणी नको. छापखान्यातून मात्र मला काढलं नव्हतं, मी आपणहून निघालो होतो, एवढं काकूला सांगा.) ही नोकरी मला टिकवायची आहे, काका. का ते विचारू नका, पण एकदा तरी कुठेतरी टिकून बघावं असं वाटतंय. आता तिथे जायचं हेलिकॉप्टरने, आणि इथला नियम असा, की हेलिकॉप्टरमध्ये बसण्याआधी, ते पाण्यात पडलं तर त्यातून उतरायचं कसं ते शिकायचं. संधी तीन. तिन्ही हुकल्या की घरचा रस्ता.

हे शिकवतात एका मोठ्या शेडमध्ये. आत खोल तलाव आणि त्यावर साखळदंडांना टांगलेली पत्र्याची खोली. त्या खोलीत खुर्च्या, पट्टे, खिडक्या, सगळं हेलिकॉप्टरसारखं. आपल्याला आत बांधतात, खोली पाण्यात सोडतात आणि पाण्याखाली गेल्यावर तिला उलटी करतात. (इंजिनाचं वजन वर असतं म्हणून खरं हेलिकॉप्टरही असंच उलटतं म्हणे. हे मला आधी कळलं असतं तर मी छापखान्यातच राहिलो असतो.) शिकवणारे मास्तर म्हणजे म्हातारे पाणबुडे, आवाज इतका मऊ की धमकी दिली तरी अंगाई वाटावी. त्यांनी सांगितलं, एक हात खिडकीच्या कडेवर, दुसरा पट्ट्याच्या कडीवर. खोली पूर्ण थांबेपर्यंत हलायचं नाही. मग काच ढकलायची, कड घट्ट धरायची, मग पट्टा सोडायचा आणि धरल्या हाताने स्वतःला बाहेर ओढायचं.

पहिल्या खेपेला मी सगळ्यात आधी पट्टा सोडला. पट्टा सुटल्यावर माणूस कुठे जातो ते कुणी सांगितलं नव्हतं (सांगितलं होतं, माझं लक्ष नव्हतं). मी तरंगत वर गेलो, ते वर म्हणजे जमीन निघाली, आणि तिथे कुणाच्या तरी खुर्चीखाली अडकून मी एका अनोळखी पायाला मिठी मारून बसलो. तलावातल्या एका पाणबुड्याने मानेला धरून बाहेर काढलं. तो पाय शेजारच्या खुर्चीतल्या वायरमनचा होता. वयाने तुमच्याएवढा, तेवढाच अबोल. त्याने पाय पुसला आणि म्हणाला, "ओळख तरी झाली."

दुसऱ्या खेपेला सगळं बरोबर केलं. काच ढकलली, कड धरली, आणि थांबलो. शेजारी वायरमन होता ना. वडीलधारं माणूस उतरल्याशिवाय मी कसा उतरू? तुमच्या गाडीत काकू उतरेपर्यंत आम्ही पोरांनी जागचं हलायचं नाही, हे इतकं अंगात भिनलंय. मी पाण्याखाली उलटा लटकून त्याला हाताने खुणावत होतो, तुम्ही व्हा पुढे. तो त्याच्या बाजूच्या खिडकीतून केव्हाच निघून गेला होता. मी रिकाम्या खुर्चीला मान देत होतो. बाहेर काढल्यावर मास्तरांनी विचारलं, कुणाची वाट बघत होतास? मी म्हटलं, काकूची.

तिसरी खेप शेवटची. खोली खाली गेली, उलटली, नाकात पाणी शिरलं, वर-खाली काही कळेना. आणि तेवढ्यात मला तुमची गाडी आठवली, काका. शप्पथ. किल्ली फिरवल्यावरसुद्धा ती कशी धडधडत राहायची, खोकायची, थरथरायची, आणि तुम्ही मागे न बघता म्हणायचात, "गाडी गप्प होऊ दे." आम्ही चौघं पोरं मागे गच्च कोंबलेली, तापलेल्या रेक्झिनला मांड्या चिकटलेल्या, श्वास रोखून ती गप्प व्हायची वाट बघायचो. मागचं डावं दार आतून उघडायचंच नाही, ती माझी जागा. तुम्ही जुन्या ट्रंकेच्या पट्ट्याने मला बांधायचात, कारण ते दार वळणावर आपलं आपण उघडायचं. तळहाताने काच कोपऱ्यात दाबून खाली सरकवायची, हात बाहेर काढून कड धरायची, मगच पट्टा सोडायचा आणि खिडकीतून बाहेर यायचं. पट्टा आधी सोडला की मी दारासकट बाहेर. दोनदा गेलोही होतो.

तेव्हा मी थांबलो. खोली गप्प झाली. हात आपोआप कोपऱ्यात गेला. बाहेर आलो तेव्हा मास्तर म्हणाले, "हे कुठे शिकलास?" म्हटलं, घरच्या गाडीत.

काकूला नमस्कार.

तुमचा,
मागचा डावा

ता. क. स्वयंपाकघरातल्या लोकांना हेलिकॉप्टरमध्ये जागा नसते, असं आज कळलं. आम्हाला बोटीने नेणार आहेत.

ता. क. आता गाडीबद्दल. तुम्ही लिहिलंय, पोरं पांगली, काकूला चढवत नाही, गाडी ठेवू कुणासाठी? माझ्यासाठी ठेवा. पहिल्या सुट्टीत येतो. काकूला दोघं मिळून चढवू, आणि ती उतरेपर्यंत मी मागे बसून राहीन. भंगारवाला आलाच तर त्याला मागच्या डाव्या सीटवर बसवा आणि दार लावून घ्या. मी येईपर्यंत तो तिथेच असेल.

ता. क. मला अजून गाडी चालवता येत नाही, हे माहीत आहे. पण उतरता येतं, आणि त्याचा आता शिक्क्यासकट दाखला आहे.