भरतीचं कार्ड

मुरूड-जंजिरा
१४ नोव्हेंबर १९७३

सौ. सत्यवतीस अनेक आशीर्वाद.

आपल्या ताराच्या घरी सुखरूप पोचलो. समुद्र अगदी दारात. अंबाझरीच्या तलावाला आपण इतकी वर्षं मोठं पाणी म्हणत आलो, आता हसू येतं. मागे सुपारीच्या वाड्या, पुढे सुरूचं बन, टेकडीवर नवाबाचा महाल आणि भर पाण्यात जंजिऱ्याचा किल्ला, अजून ताठ! संध्याकाळी तो आधी तांबूस होतो, मग काळा. मी बघत बसतो. माझ्यामागे धावून तारा दमली आहे. सोमवारी निघणार होतो, पण भरतीमुळे किल्ला राहिला. काळजी नसावी.

तिने आपल्याला न विचारता लग्न केलं हे खरं. पण तुझ्या अबोल्याला तीन वर्षं झाली. आता दोन ओळी तरी लिही.

तुझा,
मनोहर

इतवारी, नागपूर
१९ नोव्हेंबर

तारास,

कोण भरती आहे ते आधी लिही. ह्यांच्या कार्डात नुसतं ‘भरतीमुळे’ आहे, आणि तू दमलीस असं. दवाखाना कुठला, डॉक्टर काय म्हणतात, पत्ता नाही. सगळं कार्ड समुद्रावर! शेजारच्या भैयाजींना दाखवलं. ते म्हणाले, वहिनी, भरती म्हणजे भरतीच, आमचा मेहुणा नाही का रामदासपेठेच्या दवाखान्यात भरती. तू भरती असशील तर माझ्यापासून लपवता काहून? मी रागावले होते, मेले नव्हते. घास उतरत नाही. रागाचं नंतर बघू, उलट टपाली लिही.

आई

मुरूड
२४ नोव्हेंबर

ती. आईस शि. सा. नमस्कार.

घरात कुणीही आजारी नाही. समुद्राचं पाणी चढतं, त्याला इथे भरती म्हणतात. त्यात लाटा मोठ्या असल्या की होडीवाले किल्ल्यावर नेत नाहीत. बाबांनी इथला शब्द उचलला आणि थेट नागपूरला धाडला! काल किल्ला पाहून आले, तोफांवरून हात फिरवत बसले होते म्हणे.

तुझं पत्र वाचून बाबा हसत सुटले, मी मात्र रडले. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं आणि हातातलं काम सुटलं. आता भीती एवढीच, की आम्ही ठणठणीत आहोत म्हटल्यावर तू पुन्हा गप्प बसशील. तसं करू नको वं आई.

पोस्टमनची वाट बघणारी,
तारा

इतवारी, नागपूर
२९ नोव्हेंबर

चि. सौ. तारास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, जीव भांड्यात पडला. भैयाजी अजून हसताहेत. समुद्र छान असेल, माझं त्यात काही अडलेलं नाही. मला रोज दवाखान्याच्या खाटेवर तू दिसायचीस, आणि चेहरा लग्नाआधीचा. आता तू कशी दिसतेस, हे तुझ्या आईला ठाऊक नाही. फार वाईट वाटलं.

भैयाजी कापडाच्या खरेदीला मुंबईला निघालेत, ते मला रेवसच्या लाँचवर बसवून देतील. पुढे एस.टी. आहेच. ह्यांना तिथेच थांबायला सांग. जावईबापूंना आशीर्वाद.

शनिवारी, आठ तारखेला, स्टँडवर तूच ये, आणि जरा पुढे होऊन उभी राहा. ओळखायला मला वेळ लागला, तर मनात आणू नकोस.

बाकी भेटीत,
आई