सैल सॉकेट

२७ ऑक्टोबर १९९९, बुधवार

शनिवारी सकाळी मी काय काय केलं ते ओळीनं लिहून ठेवतो. उद्या कुणी विचारलं तर गोंधळ नको.

साडेसहाला गाडी पुसली. काचेवर पाणी मारलं. डॅशबोर्डवरच्या यमाईला फूल वाहिलं, हात जोडले. चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली, पण समोर इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागला तो विझेना! बंद केली, परत सुरू केली. तसाच. एवढंच. याव्यतिरिक्त मी कशाला हात लावला नाही.

गाडी डॉक्टरबाईंची. नवी, कॉम्प्युटरवाली, घेऊन सात महिने झाले. बाईंचं प्रसूतिगृह डोंबिवलीत, आठवड्यातून तीन दिवस ठाण्याच्या इस्पितळात ऑपरेशनं. पहाटे बोलावणं आलं तर गाडी निघालीच पाहिजे.

सोमवारी ठाण्याच्या वर्कशॉपला नेली. तिथे बॉनेट उघडत नाहीत. गाडीच्या सॉकेटला मशीन जोडतात आणि आजार मशीनच सांगतं. आम्हा ड्रायव्हरांना आत जायला मनाई, काचेबाहेर बसायचं. अर्ध्या तासानं तिथला मेकॅनिक बाहेर आला. "मशीनला संपर्कच मिळत नाही. सॉकेटची पिन मागे सरकलीय, सैल आहे. आपोआप होत नाही हे. कुणीतरी हात घातलाय."

बाईंनी विचारलं, "गुणाजी, गाडी कुणाकडे दिली होती?"

म्हटलं, आठवून सांगतो.

आठवायचं काय त्यात? गाडीला दोघांचेच हात लागतात. माझे आणि नाथाचे.

२८ ऑक्टोबर

नाथा शुक्रवारी हॉर्न दुरुस्त करायला स्टिअरिंगखाली शिरला होता. हॉर्नला अर्धा तास लागतो?

बारा वर्षांची ओळख. मोठागावचा कोळी, ठाकुर्लीच्या फाटकाजवळ पत्र्याची शेड. प्रसूतिगृहाची रुग्णवाहिका आणि जुनी जीप तोच बघतो. त्याची चूल त्याच दोन गाड्यांवर पेटते. नव्या गाडीचं मात्र हॉर्न-दिवे सोडून सगळं ठाण्याला जातं. ते त्याला लागलंय. मागे म्हणाला होता, "या डब्यान मास्तर बसवलाय रं, तो इंजिनाला शिकवतंय. आता आमी काय, परत खाडीन जाली टाकाची!" तेव्हा मी हसलो होतो.

ठाण्यात जमलं नाही की गाडी कुणाकडे येणार? त्याच्याकडेच!

आज मुद्दाम शेडवरून गेलो. "काय महाराज, देवीनं दिवा लावला म्हनं इंजिनान?" असं म्हणून खो खो हसला. दिवा लागल्याचं मी त्याला सांगितलं नव्हतं. मग कळलं कसं?

२९ ऑक्टोबर

रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनं सांगितलं असेल. असेलही. पण हसला का?

३० ऑक्टोबर

बाईंना सांगितलं. "नाथाचा हात लागला होता" एवढंच म्हणायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "नाथाचंच काम असणार."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "इतकी वर्षं आहे तो आपल्याकडे. तुमची खात्री आहे?"

मी मान हलवली. होय म्हटलं नाही. पण मान हलवली.

संध्याकाळी पोथी उघडली. एक ओळ तीनदा वाचली, आणि तीनदा नाथाचे स्टिअरिंगखालून बाहेर आलेले पायच दिसले.

२ नोव्हेंबर, मंगळवार

शिळफाट्यावरून ठाण्याला पोचायलाच दीड तास गेला. आज त्यांनी सॉकेट नीट केलं. मागवलेली नवी पिन घातली, चिमट्यानं दाबून बसवली, मागून पट्टी आवळली. मशीन जोडताच दोन मिनिटांत निदान: इंजिनाच्या एका रबरी नळीला चीर. नळी बदलली, पिवळा दिवा विझला. म्हणजे आजार किरकोळ होता, पण सॉकेट सैल म्हणून आठ दिवस कुणाला कळला नाही.

आता पुढचं. हे लिहायलाच आज बसलोय.

मेकॅनिक काचेबाहेर आला आणि वीतभर वायर माझ्या हातात ठेवली. "हे बघा. सॉकेटच्या कडेनं आत खुपसलं होतं, आज खोलल्यावर दिसलं. त्याच्या रेट्यानं पिन मागे गेली. तुमच्या तिकडच्या गॅरेजवाल्याचे प्रताप, काय?"

पिवळी-तांबडी पिळाची वायर. माझ्या बायकोच्या, शेवंतीच्या शिलाई मशीनच्या दिव्याची, जुनी. टोकाला मी स्वतः दातानं सोललेली.

घटस्थापनेला बसवली होती. नऊ दिवस देवीपुढचा दिवा विझू द्यायचा नसतो, तो नेम घरात आहेच. पण मी दिवसभर गाडीत असतो, म्हणून तिथेही एक बारका लाल दिवा ठेवला. चावी काढली तरी जळायला हवा. म्हणून टेस्टरनं शोधत गेलो, तर स्टिअरिंगखाली एक रिकामी खाच सापडली. कायमचा करंट! मला वाटलं, कंपनीनं जादा ठेवलीय. देवीनंच दाखवली, असंही वाटलं. दसरा झाला तरी काढवेना. मग ती वायर माझ्या डोक्यातूनच गेली. रोज हात जोडताना तो दिवा दिसत होता, पण वायर आठवली नाही.

मेकॅनिक उत्तराची वाट पाहत होता.

मी म्हटलं, "असेल."

३ नोव्हेंबर

देवीपुढे अंधार. फूल वाहिलं नाही. धीर झाला नाही.

५ नोव्हेंबर

वर्कशॉपचा बाईंना फोन. बाहेरची वायर सापडली म्हणून. बाईंनी नाथाला बोलावलं, मी दाराशी उभा. "वायर तुम्ही घातलीत?" नाथानं एकदा माझ्याकडे बघितलं. "मी नाय घातली." "मग कुणी?" तो फडक्यानं बोटं पुसत राहिला. बाई म्हणाल्या, "उद्यापासून रुग्णवाहिका आणि जीप दुसरीकडे जातील."

नाथानं चप्पल घातली आणि निघाला. भांडला नाही!

तो भांडला का नाही? काहीतरी धरून बसलाय. वेळ आली की काढील.

८ नोव्हेंबर

दिवाळी. शेवंतीनं विचारलं, "अहो, नाथाभावजींकडे फराळ नाही नेलात?" दरवर्षी मीच नेतो. म्हटलं, गाडी लावायची आहे. डबा तसाच फळीवर.

११ नोव्हेंबर, गुरुवार

डबा घेऊन गेलो शेवटी. शेड उघडी, आत एकही गाडी नाही. त्याची बायको जनी नाथाशेजारी पाटावर सुकट निवडत होती. डबा घेतला, माझ्याकडे बघितलं नाही.

मी कितीतरी वेळ दिवाळीच्या गर्दीचंच बोलत राहिलो. मग नाथाच म्हणाला, "वायरीसाठी आलास ना?"

मी मागे वळून रस्त्यावर कुणी नाही ना ते बघितलं.

"हॉर्नाच्या दिशीच दिसली मना. तुजी देवीची वायर. कशी तोडू रं? पाप कोन घेईल? बोललो, दिवाली सरल्यावर सांगू महाराजाला. तवर तू माजा नावच देऊन आलास."

"मग बाईंपुढे बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुला काढला असता. पन्नाशीन कोन घेतंय डायवर? मना कायबी गावल. खाडी हाय."

जनी फटकन बोलली, "खाडी हाय! कंपन्यांचा काला पानी हाय खाडीन. मासली कवाच गेली. मोठा आलाय दानशूर!"

नाथा म्हणाला, "तू गप ग." मग मला, "जा. कुनाला सांगू नको."

१२ नोव्हेंबर

हा मोठेपणा की डाव? आयुष्यभर मला त्याच्यापुढे मान खाली घालून ठेवायची, असा तर नाही? दिवसभर हेच. मुंब्र्याला सिग्नल सुटला तरी कळलं नाही, मागून शिव्या.

१३ नोव्हेंबर

शेवंतीला सगळं सांगितलं. ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "त्यांच्या मनात काय आहे ते शोधताय. तुमच्या मनात काय होतं तेव्हा, मान हलवलीत तेव्हा?"

उत्तर मला ठाऊक आहे. नाथाचं नाव घेताना मला बरं वाटलं होतं. बाई मला विचारतायत, माझ्या शब्दाला वजन आहे, याचं. संशय नंतर आला असेल. आधी ते.

१४ नोव्हेंबर

सांगितलं नाही. बाई घाईत होत्या. मीही त्यांची घाई बघून सुटलो.

१५ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी साडेआठ. बाई टेबलाशी एकट्या होत्या. वायर समोर ठेवली आणि सगळं सांगितलं, मेकॅनिकला म्हटलेल्या "असेल"सकट.

बाईंनी वायर बोटानं बाजूला सारली. मग फोन उचलून रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "दोन्ही गाड्या नाथाकडे न्या. आजच. आणि त्यांना म्हणावं, मी स्वतः येऊन बोलेन."

फोन ठेवला. "वायर मी विसरले असते हो, गुणाजी. तुम्ही माणसाचं नाव घेतलंत."

मी खिशातली गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलून खणात टाकली.