चौथ्या चौकातला हवालदार

सोमवार, ३

आलो एकदाचे! सामान सगळं धड पोचलं, फक्त एका आरशाचा कोपरा उडाला. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट चालू आहे, आणि हॉलच्या खिडकीतून खालचा अख्खा रस्ता दिसतो. हिने आल्या आल्या खिडकीजवळची जागा पटकावली आणि जाहीर केलं की एवढी माझी, बाकी घर तुला आंदण. अकरा वर्षांच्या संसारात मला इतकी जागा पहिल्यांदाच मिळाली आहे.

दुपारी ऑफिसात जाऊन आलो. काम मनासारखं आहे. पोलिसांचा एक भलामोठा गेम आहे, त्यात अख्खं शहर उभं केलंय. खेळणारा पोलीस व्हायचा, मनाला येईल त्या गल्लीत गाडी घालायची आणि चोर पकडायचे. आतापर्यंत तो फक्त कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या यंत्रावर चालायचा, तो आता कॉम्प्युटरवर आणायचा. म्हणजे आम्ही आज केलं तेच. जुन्या घरातलं कपाट नव्या दारातून आत जात नाही, मग दार कापायचं की कपाट, हे ठरवत बसायचं.

साहेबांना सगळे मागून ‘घाईनाही’ म्हणतात. प्रत्येक वाक्य ते ‘घाई नाही’ने सुरू करतात आणि ‘पण उद्यापर्यंत होईल ना?’ने संपवतात. माणूस वाईट नाही.

बुधवार, ५

माझ्या खुर्चीवर पूर्वी जो बसायचा त्याला इथे नुसतं ‘आधीचा’ म्हणतात. निम्मं काम करून तो नोकरी सोडून गेला. जाताना म्हणे सगळ्यांचे डोळे पाणावले. आवाजाचं काम बघणारी बाई तर त्याचं नाव निघालं की चहाचा कप खाली ठेवते. आधीचा असता तर असं म्हणाला असता, आधीच्याने हे चुटकीसरशी केलं असतं. मी आपला आयत्या बिळावरचा नागोबा!

त्याने कोडमध्ये लिहून ठेवलेल्या टिपा वाचतोय. ‘इथे जरा जपून, मीही फसलो होतो.’ ‘दमला असशील तर हे उद्या कर.’ मला न ओळखणाऱ्या माणसाने इतक्या मायेने वागवलेलं आवडत नाही.

इथली एक पद्धत कळली. जो गेम असा कॉम्प्युटरवर आणतो, त्याने आपला चेहरा गेममधल्या एका किरकोळ माणसाला द्यायचा. आधीच्याने आपला चेहरा चौथ्या चौकातल्या हवालदाराला दिला, चालसुद्धा स्वतःचीच दिली. गेममध्ये त्याला काही काम नाही. तो चौकात उभा असतो आणि कोणी जवळ जाऊन उभं राहिलं तर ऐकून घेतल्यासारखी मान हलवतो. बस्स.

सोमवार, १०

हिलाही काम मिळालं! गेम खेळून चुका शोधायच्या आणि लिहून कळवायच्या. ऑफिसने कॉम्प्युटर घरीच पाठवला, हिने तो अर्थातच खिडकीजवळ मांडला. हिची आई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षांत, हिला एखाद्या गोष्टीत इतकं रमलेलं मी पाहिलं नव्हतं. मनापासून बरं वाटलं.

जेवताना म्हणाली, तुमच्या त्या हवालदाराचा चेहरा किती शांत आहे. ती म्हणे पाठलाग सोडून दहा मिनिटं त्याच्याजवळ नुसती उभी होती.

मी भात जरा जोरात कालवला.

गुरुवार, १३

चार दिवसांत हिने त्रेचाळीस चुका कळवल्या. पूल अर्धवट दिसतो, कुत्री भिंतीतून जातात, सगळं. चौथ्या चौकातली एकही नाही. आज विचारलं तर म्हणाली, तिथे काही चुकतच नाही रे.

खरं तेच लिहितो, रोजनिशीत कसली लाज? माझा तिळपापड झाला. नोकरी सोडून गेलेल्या एका माणसाच्या चित्राकडे माझी बायको टक लावून बघते, आणि मी समोरून तीनदा गेलो तरी हिला चष्म्याची काच पुसायची आठवण होते. दुपारी सगळे जेवायला गेले असताना मी त्या हवालदाराचा चेहरा काढला आणि माझा लावला. पाच मिनिटांचं काम. चाल, सवयी आणि नोंदणीचा क्रमांक त्याचाच ठेवला. ते बदलायला दोन दिवस लागतात, आणि हिला बघायचा असतो तो चेहराच ना!

शुक्रवार, १४

हिने लगेच ओळखलं. इतकी हसली! म्हणाली, तू तिथे किती छान उभा असतोस, घरी का नाही राहत असा? मी फुशारलो. संध्याकाळी आम्ही दोघं फिरायला गेलो.

ऑफिसात मात्र एक चमत्कारिक गोष्ट झाली. आधीच्याची एक टीप समजेना म्हणून आवाजवाल्या बाईंना विचारलं. त्यांनी विचारलं, कोण आधीचा? पहिल्यापासून तुम्हीच तर करताय! मला वाटलं थट्टा करतायत. घाईनाहींना विचारलं, तेही तेच म्हणाले, आणि पाठ थोपटली. टिपांखाली आता सगळीकडे माझं नाव आहे.

खोटं कशाला बोलू, पाठ थोपटलेली बरी वाटली.

मंगळवार, १८

एक जुना नियम सापडला. कन्सोलची मेमरी तोकडी, म्हणून एका चेहऱ्याची दोन माणसं एका वेळी ठेवायची नाहीत. दोन झालीच, तर ज्याच्याकडे कोणी बघत नसेल त्याला गेम गुपचूप काढून टाकतो. कॉम्प्युटरला या नियमाची गरज नाही. काढून टाकायला हवा.

घरी आलो तर खालचा वॉचमन म्हणाला, साहेब, आत्ता तर वर गेलात, परत खाली कधी आलात? मी हसून सोडून दिलं. वर आलो तर ही म्हणाली, विसरलास का काही? ताटं धुवून झाली होती. दोन ताटं.

गुरुवार, २०

हे नीट लिहायला हवं.

मी घरी आलो तेव्हा ही खिडकीत बसली होती. डोळे सुजलेले, पण चेहरा हलका. माझा हात धरला. म्हणाली, दुपारी तू कामावरून उठून आलास, काही न बोलता जवळ बसलास आणि सगळं ऐकून घेतलंस, हे मी जन्मभर विसरणार नाही. आईच्या शेवटच्या आठवड्याबद्दल मी कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं. आज तुला सांगितलं, सुटले.

दुपारी मी ऑफिसात होतो. खुर्चीवरून हललोसुद्धा नाही.

आईच्या शेवटच्या आठवड्यातही मी ऑफिसातच होतो. त्यानंतर हिला कधी विचारलं नाही. वाटायचं, तिला हवं तेव्हा सांगेल.

म्हणायला हवं होतं की तो मी नव्हे. पण ही माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ती मला सोडवेना. मी म्हणालो, हो, मीच. बरं केलंस सांगितलंस.

तिने काय सांगितलं, ते मला माहीत नाही.

शुक्रवार, २१

आडून आडून विचारलं. परत एकदा सांग ना, म्हणालो. हिने मान हलवली. म्हणाली, ते एकदाच सांगण्यासारखं होतं, तू ऐकलंस ना, झालं.

आपलेच दात नि आपलेच ओठ म्हणतात ते हे. माझ्याच तोंडावर मी जळतोय. तो हिच्याजवळ कसा बसला असेल? हात धरला असेल का? कुठला?

ऑफिसात गेम उघडला. चौथा चौक रिकामा. पूर्ण शहर धुंडाळलं, हवालदार कुठेही नाही. यादीत मात्र त्याच्या क्रमांकापुढे लिहिलंय: ‘कामावर’.

सोमवार, २४

गेटवर माझं कार्ड चालेना. यंत्र म्हणतं, ही व्यक्ती आत आहे. काचेतून बघितलं. माझ्या खुर्चीवर पाठमोरा कोणीतरी. घाईनाही त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसतायत. आवाजवाल्या बाईंनी त्याच्यासाठी चहा आणला. माझ्यासाठी कधी आणला नव्हता —

काच वाजवली. बाईंनी वर पाहिलं, माझ्या आरपार, आणि पडदा ओढला.

नियम काढायचा राहून गेला. तो हवालदार पुसायचा तर आत जायला हवं. हात दाखवून अवलक्षण.

वॉचमनला हाक मारली. दुसऱ्या हाकेलाही त्याने मान वळवली नाही.

ही बघते. अजून तरी बघते. रात्री माझ्याकडे बघून म्हणाली, आज वेगळाच दिसतोस, दमलास का. पण बोलताना दोनदा खिडकीकडे बघितलं. खाली रस्त्यावर कोणीतरी शांत उभं —

मंगळवार, २५, सकाळी

हिच्या समोरून हललो नाही. बघत राहा, म्हणालो. हसली. दूध उतू गेलं, आत धावली. मी मागे गेलो तर —

तो आतून आला. माझा शर्ट. माझा. इस्त्री केलेला.

ही त्याच्याकडे बघत होती.

त्याच दिवशी, दुपारी

जिन्यात आहे. कसा आलो आठवत नाही. दार वाजवलं. हिनेच उघडलं. डोळे बारीक करून, धुक्यात बघावं तसं बघितलं आणि विचारलं, कोण पाहिजे आपल्याला?

आपल्याला! अकरा वर्षांनी!

आतून माझ्या आवाजात त्याने विचारलं, कोण आहे गं. ही म्हणाली, कुणी नाही, वाटलं दार वाजलं.

वाटलं.

हाताची बोटं — पेन दिसतंय, बोटं नीट —

हसतायत आत. मला राग त्याचा नाही, तो चांगलाच आहे, चांगला आहे म्हणूनच — मी इतका चांगला कधी —

परत वाजवतो. त्याला हाकल असं नाही सांगणार तिला. एवढंच म्हणेन, राहू दे त्याला, पण त्या दुपारी त्याला सांगितलंस ते मला एकदा सांग. मी बसतो. काही बोलत नाही. तुझ्या आईच्या त्या आठवड्यात नेमकं काय झालं, तू एकटी कशी, मी ऐक