म्हातारा फासावर जाणार नाही

२५ जून. संत योहानाच्या सणाचा दुसरा दिवस.

नाही म्हणालो! भर जेवणात, सगळ्यांसमोर. अन्सेगारच्या हातातला घास हातातच राहिला.

अन्सेगार — माझा मेव्हणा. डोंगरापलीकडून राजाचा हुकूम घेऊन आलाय. नदीपलीकडच्या मूरांशी केलेला तह मोडा. ओलीस ठेवलेल्या खलफला नदीकडच्या तटावर फाशी द्या. आणि पलीकडचे लोक कापणीत गुंतलेत तोवर नदी ओलांडून त्यांच्यावर तुटून पडा.

"दाजी, ही आज्ञा आहे. तुमचा सल्ला नाही विचारला कोणी."

"मी सल्ला देतच नाहीये. नाही म्हणतोय."

राजाचं काय जातंय सांगायला! हा मुलूख त्याने एकदाही पाहिलेला नाही. तहाआधी दर उन्हाळ्यात आम्ही त्यांची शेतं जाळायचो, ते आमची. माझा थोरला मुलगा त्या नदीतच लढताना पडला. धड मिसरूडही फुटलं नव्हतं. मग मी आणि पलीकडचा वाली, म्हणजे त्यांचा सुभेदार, मुतर्रिफ, दोघांनी मिळून हे थांबवलं. त्याचा काका खलफ माझ्या गढीत, माझा धाकटा भाऊ हिल्डविन त्याच्याकडे. इकडे दोर आवळला की तिकडे हिल्डविनची मान गेली. अन्सेगारला हे ठाऊक नाही? चांगलं ठाऊक आहे.

२६ जून

अन्सेगार अजून इथेच. माझंच डुक्कर खातो आणि मलाच इमान शिकवतो!

२७ जून

खलफच्या कानावर गेलंच. सोंगट्या मांडता मांडता म्हणाला, "सरदार, दोर जरा बघून घ्या. तुमच्याकडच्या वस्तू तुमच्या भाकरीसारख्या — बाहेरून दगड, आतून भुसा."

"गप्प खेळ, म्हाताऱ्या."

"खेळतोय की. हरताय तुम्ही."

खरंच हरलो.   

३० जून

आता उलगडा झाला! मी नाही म्हणणार हे ते धरूनच चालले होते. हा मुलूख राजाने आधीच अन्सेगारला देऊन टाकलाय. निघताना घोड्यावरून त्यानेच सांगितलं — अगदी दात दाखवून. वर रोट्लिंदला म्हणतो, "ताई, तू चल माझ्याबरोबर. इथे आता काही राहणार नाही."

माझी बायको कंबरेवर हात ठेवून उभी. "कशाला? तू परत येणारच आहेस ना सैन्य घेऊन? तेव्हा भेटू. तटावरून."

लग्नाला इतकी वर्षं झाली. आज पुन्हा करावंसं वाटलं.

१२ जुलै

आला. डोंगराकडच्या दारासमोर तंबू ठोकलेत. आणि गहू पेटवला. आमचा गहू! राजाचीच माणसं, राजाचीच जमीन! मूरांनीसुद्धा तहानंतर एका काडीला हात लावला नव्हता. गावं सगळी गढीत घेतली. धुरात पोरं खोकतायत. जळो. भिंती तर दगडाच्या आहेत.

१५ जुलै

अन्सेगारचा निरोप : म्हातारा द्या, मुलूख तुमच्याकडेच राहील. मुलूख राजाने त्याला कधीच देऊन टाकलाय, म्हणजे ही थापच. पण गढीभर झालं. दुपारी गावांचा म्होरक्या वादामिर आला. टोपी हातात, पण नजर सरळ.

"धनी, एका परक्या म्हाताऱ्यापायी आमची शेतं गेली."

"माझा भाऊ आहे तिकडे."

"तुमचा भाऊ. आमचा गहू."

झोंबलं. काय खोटं होतं त्यात? पण मी म्हणालो, "खलफला आज लटकवलं तर पुढच्या उन्हाळ्यात कोण येईल? त्याच्या पुढच्या? तुझी लेक कुठल्या उन्हाळ्यात गेली, वादामिर?"

 त्याने टोपी डोक्यावर चढवली आणि तटावर दगड वाहायला गेला. मीही गेलो मागोमाग. पाठ मोडली पार.

१७ जुलै

रोट्लिंदने खलफला सोडून दिलं! मला न विचारता!

म्हातारा सकाळीच डोंगराकडच्या दाराशी जाऊन बसला होता. पहारेकऱ्याला म्हणे, "उघड बाबा, मी जातो त्यांच्याकडे. पोरांना धूर सोसत नाही." रोट्लिंदने त्याला हाताला धरून थेट खाली नदीकडच्या दाराशी नेलं, घोड्यावर बसवलं आणि पलीकडे पाठवून दिलं.

मी ओरडलो. नको ते बोललो. ओलीस गेला — आता मुतर्रिफने हिल्डविनला कापलं तरी त्याला विचारणारं कोण?

"ओलीस म्हणून नाही गेला," ती म्हणाली. "पाहुणा म्हणून गेला."

"आणि त्यांनी हिल्डविनला मारलं तर?"

"तर मी चुकले. मग मला लटकवा तटावर. दोर तयारच आहे."

 

१८ जुलै

अन्सेगारने पुन्हा म्हातारा मागितला. मी तटावरून ओरडलो, "नाहीये!" त्याला वाटलं थापा मारतोय. शिड्या बांधायला घेतल्यात त्याने. बांध म्हणावं! उकळतं तेल आहे, दगड आहेत, आणि त्याची ताई आहे.

२० जुलै

शिड्या लागल्या. डोंगराकडचा बुरूज दुपारपर्यंत टिकेल, फार तर. आणि नदीच्या पलीकडे मुतर्रिफचे घोडेस्वार — नजर पोचेल तिथवर. पुढे खलफ. त्याच्या शेजारी हिल्डविन, धडधाकट, कमरेला तलवार! पाण्याच्या कडेला थांबलेत. आमच्या होकाराशिवाय पुढे येत नाहीत.

आजवर अन्सेगार मला गद्दार म्हणायचा, ते खोटं होतं. आता दार उघडलं की खरं होईल.

रोट्लिंदने विचारलं, "उघडू?" तिचाच भाऊ आहे डोंगराच्या बाजूला. नदीकडच्या दाराचा अडसर आम्ही दोघांनी मिळून काढला.