सॉसची ॲलर्जी

सक्करदरा, नागपूर
८ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप जिजाताईस,

प्रेमाचा नमस्कार. संत्री मिळाली, गोड निघाली. भाऊजींचा खोकला कसा आहे? इकडे थंडी चांगलीच पडली आहे आणि ती सगळ्यांच्या आधी माझ्या गुडघ्यांना कळते. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आज मला ते पुरं करायचं आहे.

रितिका आता बरी आहे. हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव वरखाली व्हायला नको.

गुरुवारी तिचा वाढदिवस झाला. सात वर्षांची झाली माझी नात. तिला पुरणबिरण नको, चायनीज हवं. वर्गातली पोरं गाडीवरचे नूडल्स खातात आणि ही बाजूला उभी राहून नुसता वास घेते. म्हणून मीच ठरवलं, घरी करायचं, सोया सॉसशिवाय. नूपुर सूनबाई म्हणाली, नका करू, उगाच भानगड होईल. पण आपल्या माहेरचा हट्ट तुला वेगळा काय सांगू.

लोखंडी कढईत गूळ काळा होईस्तोवर जाळला. त्यात चिंचेचा कोळ, व्हिनेगर, मिरपूड, मीठ. रंग अगदी बाटलीतल्यासारखा आला. बाजारच्या पाकिटावर बारीक अक्षरात काय काय लिहिलेलं असतं, म्हणून नूडल्सही घरचेच केले. कणीक घट्ट मळली, पातळ लाटली, सुरीने कापली. करडईच्या तेलात लसूण, कोबी, गाजर परतलं. पोरीने दोनदा मागून खाल्लं. मला ‘शेफ आजी’ म्हणाली.

मग तिचे ओठ सुजले. अंगभर गांधी उठल्या आणि ती गळा धरून बसली. विक्रमने तिला तसंच उचलून दवाखान्यात नेलं. इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. ताई, तिच्या तोंडून आवाज निघत नव्हता. ती माझ्याकडे बघत होती आणि मला काही करता येत नव्हतं.

घरी आल्यावर नूपुरने कचऱ्याचा डबा उपसला. मी दारात उभी होते.

“आई, खरं सांगा, बाटली कुठं टाकली?”

माझ्यावर संशय. मीही उलटले, सकाळी पोरीला शेजारी घेऊन गेली होतीस, तिथे काय चारलंस? त्यानंतर दोन दिवस आम्ही एकमेकींच्या हाताकडे बघतच चहा प्यायलो. विक्रमलाही मसाल्याचे डबे उघडून हुंगताना मी पाहिलं. पोटच्या पोराने माझे डबे हुंगले.

पिठाचा विचार कुणाच्याच मनात आला नाही. तुझं पीठ होतं ना.

दर वेळी तू गहू पाठवतेस. या वेळी माझ्या गुडघ्यांसाठी दळूनच पाठवलंस. बुधवारी आलं आणि पहिल्यांदा उघडलं ते नूडल्ससाठीच. काल फ्रीजमधली उरलेली कणीक टाकायला काढली, तर तिला कच्च्या शेंगेसारखा वास येत होता. मी तुझ्या सुनेला फोन केला. तुझी तब्येत विचारली आणि मग हळूच दळणाचं. काजल म्हणाली,

“मावशी, आई दळणात मूठ-दोन मूठ सोयाबीन टाकतातच. मी म्हटलं होतं, का हे रितिकाच्या घरी जाऊन राहिलं, नका टाकू. त्या बोलल्या, थो सॉस बाटलीतला, हा आपल्या वावरातला दाणा हाय.”

हे खरं असेल. आम्हीच सगळ्यांना ‘सॉसची ॲलर्जी’ असं सांगत आलो, कारण पहिल्यांदा त्रास झाला तो एका लग्नात, चायनीजच्या काउंटरवर. आपल्या वावरातलं पीक आणि ती काळी बाटली एकच, हे तुला कुणी नीट सांगितलंच नाही. तसंच असावं असं मला फार वाटतं.

पण दिवाळीतलं तुझं बोलणं डोक्यातून जात नाही. तुझ्या चकलीत काय काय आहे, हे नूपुरने खोदून विचारलं आणि पोरीच्या हातातली चकली काढून घेतली. तुझं तोंड उतरलं. ती बाहेर गेल्यावर तू मला म्हणालीस, “काही नाही होत वं प्रेमा. थोडं थोडं पोटात गेलं का सवय होते.”

तेव्हापासून तू नूपुरशी धड बोललेली नाहीस. आणि दळलेलं पीठ पहिल्यांदा आलं, ते त्यानंतरच. असा विचार करताना माझी मलाच लाज वाटते, पण तो थांबत नाही.

नूपुरला पिठाचं मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती पोरीला तुझ्या दारात पाऊल टाकू देणार नाही. नाही सांगितलं तर तिच्या लेखी बाटली लपवणारी मीच राहीन, आणि पोरीला माझ्या हातचं पुन्हा कधी खाऊ देणार नाही.

म्हणून एकच विचारते. दळण काढलंस, त्यात मूठ टाकलीस, तेव्हा रितिका तुझ्या मनात होती का? नसेल, तर हे वाचल्याबरोबर फोन कर. मी तो नूपुरच्या हातात देईन आणि आपण तिघी रडून मोकळ्या होऊ.

असेल, तर फोन करू नकोस. तुझं खोटं मला आवाजावरून कळतं.

फोनजवळ बसलेली,
तुझी धाकटी
प्रेमा