मशीनला रोज एक फोटो लागतो

प्रिय नाना,

सोमवारी धुळ्याचा मशीनवाला ॲडव्हान्स घ्यायला येतोय आणि माझं काही केल्या ठरत नाहीये. दोनदा त्याला पुढची तारीख दिली, आता तिसऱ्यांदा द्यायची लाज वाटते. आईला विचारलं तर म्हणते, तुझ्या बापालाच विचार. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

मोठे फोटो छापायचं मशीन आहे नाना. पाचोऱ्यात, आपल्याच स्टुडिओत दाराएवढा फोटो निघेल. जळगावच्या लॅबला फाइल पाठवा, मग पार्सलसाठी एसटी स्टँडवर ताटकळत उभे राहा, ही कटकट संपेल.

आणि हा किडा माझ्या डोक्यात घातला कुणी? तुम्हीच. तुम्ही गेल्यावर तुमच्या दिवसकार्याला, गंधमुक्तीच्या सकाळी, तुमचा मोठा फोटो लॅबमधून आला, तर त्यांनी तुम्हाला गोरंपान करून टाकलेलं! गालावरचा मस गायब, कपाळाच्या आठ्या गायब. पाहुणे दारात आलेले, परत छापायला वेळ कुठे होता? मी मुकाट्यानं हार घातला. आई कितीतरी वेळ बघत राहिली आणि हळूच मला म्हणाली, "हाऊ कोन शे?"

वर्ष होत आलं, पण ते तीन शब्द माझ्या कानातून जात नाहीत.

तुम्ही असं होऊ दिलं असतं का? डार्करूम होती तोवर तुम्ही गेलेल्या माणसाच्या घरच्यांना शेजारी बसवूनच मोठा फोटो करायचे. लोक लग्नाच्या घोळक्यातला एवढासा चेहरा घेऊन यायचे आणि तुम्ही विचारत बसायचे, टोपी कशी घालायचे, शेतात असायचे की दुकानात. जामनेरच्या एकानं बापाला जरा उजळ करा म्हटलं, तर तुम्ही त्याचा फोटोच परत दिलात. मला तेव्हा तुमचा हा हट्ट नकोसा व्हायचा. आलेलं गिऱ्हाईक जायचं हो!

मशीनवाल्यानं सांगितली ती किंमत मी लिहून घेतली, पण खरी किंमत हळूहळू कळत गेली. शाई वेगळी, कागदाचे रोल वेगळे. आपल्या मे महिन्यात खोलीला एसी हवाच, लाइट जाते म्हणून इन्व्हर्टर हवा. इथवर माझी तयारी होती. मग शिंदखेड्याच्या एका स्टुडिओवाल्याला फोन केला, त्याच्याकडे असंच मशीन आहे. तो म्हणाला, ताई, मशीन बसून राहिलं की शाई आत सुकते, शाई फवारणारं हेड चोंदतं, आणि नव्या हेडच्या पैशात जुनी मोटरसायकल येते. रोज एक तरी मोठा फोटो काढावाच लागतो.

रोज! आपल्याकडे मोठा फोटो करून घेतं कोण? लग्नाचे फोटो मोबाइलमध्येच राहतात. मोठा फोटो गेलेल्या माणसाचा. जित्या माणसाचा भिंतीवर लावायला लोक भितात. तुम्हीसुद्धा भ्यायचे, म्हणून तर तुमचा धड फोटो नव्हता.

आता जे सांगते ते आईलाही सांगितलेलं नाही. गेल्या आठवड्यात समोरच्या टेलर आबांना छातीत दुखतं म्हणून जळगावला नेलं. त्यांची सून दुकानात येऊन रडत होती, आणि माझ्या डोक्यात काय यावं? वीस बाय तीस, फ्रेमसकट. मशीन असतं तर रोजच्या फोटोचा एक दिवस निघाला असता. मशीन अजून घरात नाही आणि मी अशी झाले, नाना! चार दिवसांनी आबा बरे होऊन आले. काठी टेकत डोकावले नि म्हणाले, "काय पोरी, धंदा कसा शे?" मी आपली काउंटर पुसत बसले. तेव्हापासून मशीन नकोसं वाटतंय.

काल तुमचा खरा रंग शोधायला जुने अल्बम उपसले. आख्खं पाचोरा सापडलं त्यात. आईचा फोटो एकच, तोही तुमच्या सत्काराचा, आणि ती तुमच्यामागे अर्धी झाकलेली. जन्मभर घरात कॅमेरा, आणि तिला एकदाही स्टुलावर बसवावंसं वाटलं नाही? याचा मला राग आलाय, सांगून ठेवते.

मी तिला म्हटलं, चल, बस. तर म्हणाली, "माले आतेच भिंतवर टांगस का?" आणि लगेच आत जाऊन हिरवं लुगडं नेसून आली. स्टुलावर टेकली, पदर नीट केला, मग मला विचारलं, "हासू का तशीच बसू?" नाना, फोटोग्राफरच्या बायकोला हे विचारावं लागलं.

तर मशीन घेते. पण तुम्हाला वचन देते, रोजचा तो एक फोटो जित्या माणसाचा असेल. आबांचा, स्टँडवरच्या केळीवालीचा, येईल त्याचा. लोक घाबरले तर समजूत घालीन, पैसे नाही दिले तरी चालेल. गंधमुक्तीचं काम आलं तर घरच्यांना शेजारी बसवूनच करीन. आणि पुन्हा कधी दवाखान्याची बातमी ऐकून माझ्या डोक्यात मापं आली, तर त्याच आठवड्यात मशीन विकून टाकीन.

पहिला फोटो मात्र तुमचा नाही. तुमचा वर्षश्राद्धाला होईल, मसासकट. पहिला आईचा. ती हसली आहे त्यात. पुढचे दोन दात पडलेत, ते मी तसेच ठेवले आहेत.

तुमचीच,
रेखा