बिस्किटाच्या चित्राखालचा ठिपका

चि. छकुलीस,

तुझ्या मावशीचा पोटभर आशीर्वाद. (पोटभर म्हटलं की तुझ्यातली नर्स रागावेल, पण आशीर्वादाने वजन वाढत नाही.) पाय कसे आहेत तुझे? दिवसभर वॉर्डात उभी असतेस, घरी तरी जरा टेकत जा. इकडे आम्ही ठणठणीत. अक्षर सूनबाईचं, शब्द माझे. मला अजून सहीच्या जागी अंगठाच लागतो.

तर परवा तू फोनवर सांगितलंस की लहान मुलांच्या लठ्ठपणावरचं तुझं संशोधन शुक्रवारी भरल्या सभेत मांडायचंय, आणि मोठे डॉक्टर म्हणाले, नर्सने वजनं करावीत, संशोधनाचं आम्ही बघू. मला असा राग आला की हातातला चहा सांडला. (सूनबाई, नव्या चादरीवरचा डाग तो हाच.) वर तू म्हणालीस, संशोधनातल्या चाळीस घरांत एकच कोडं सुटत नाही, ते आमच्या नातीचं. तिच्या खाण्याच्या तक्त्यावर नुसती सफरचंदं आणि वजन तीन किलोंनी वर! त्यापायी तू वजनकाटा दोनदा दुरुस्तीला धाडलास म्हणे. तेव्हापासून मला घास उतरत नाही.

तो चित्रांचा तक्ता तू माझ्यासारख्या अडाण्यांसाठीच केलास. पोर जे खाईल त्या चित्राखाली ठिपका. मी इमानेइतबारे दिला. पण ताटात पडलं तेच खाणं, अशी माझी समजूत. शाळेतून आल्या आल्या माझ्या पलंगावर बसून जे तोंडात जातं ते खाणं कसलं, त्या आमच्या गप्पा! (सूनबाई, पेन खाली ठेवू नकोस. डबा लोकरीच्या पिशवीत आहे, मग बघ.) रोज चार बिस्किटं, क्रीमवाली. तीन महिने. ठिपका एक नाही. काटा बिचारा खरंच बोलत होता.

तुझी मावशी

ता.क. नुसत्या आशीर्वादासाठी मी सूनबाईला तासभर बसवणार नाही, हे तू ओळखलंसच. माझा तक्ता फाडू नकोस, सभेत दाखव. सांग त्यांना, आजीला विचारायचं तर आधी सुनेला बाहेर पाठवा. डॉक्टरांना हे जन्मात कळलं नसतं. आजीशेजारी टेकते ती नर्सच. माझं नाव मात्र घेऊ नकोस. 'एक म्हातारी' म्हण. 'देखणी' म्हणालीस तरी चालेल.

ता.क. दुसरा (हा माझा, सुनेचा, सासूबाईंना वाचून दाखवणार नाही). ताई, डबा मला पहिल्याच आठवड्यात सापडला होता. पोरीने शाळेचा अभ्यास पुरा केला की त्यातलीच दोन मीही तिला द्यायचे आणि गुपचूप डबा भरून ठेवायचे. सासूबाई मोजत नाहीत. तेव्हा चार नव्हे, सहा लिहा. आणि सभेत एवढं जोडा: सुनेला विचारायचं तर सासूलाही बाहेर पाठवा.